जुन्या बोर्डाचा वाली

संघपाल हिवराळे तापट आहे, असं आमच्या कंपनीत चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे म्हणतात. मी म्हणते, तापणार नाही तर काय करेल? ज्याचं काम नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि बिघडलं की बोट दाखवायला सगळे हजर, त्यानं काय हसत बसायचं? मी सोनिया. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत नऊ वर्षं टेस्टिंगला आहे, आणि ही नऊही वर्षं माझं टेबल संघपालच्या टेबलाला लागून आहे. त्याचा राग मी जेवढा पाहिला तेवढा त्याच्या बायकोनंही पाहिला नसेल. त्यातला काही राग माझ्या वाट्याला यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही लसीच्या फ्रिजचा कंट्रोलर बनवतो. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत लस ठेवायला खास फ्रिज असतो. आत दोन ते आठ डिग्री राहिलं पाहिजे. जास्त झालं तर लस खराब होते, आणि गोठली तर त्याहून वाईट, कारण पुन्हा वितळल्यावर कुपी दिसायला जशीच्या तशी दिसते. कॉम्प्रेसर कधी चालवायचा आणि कधी थांबवायचा हे आमचा बोर्ड ठरवतो. बोर्डावर छोटासा कॉम्प्युटर, आणि तो चालवायला लिनक्स नावाची सिस्टीम. त्याचं कर्नेल म्हणजे घरातला कारभारी, सगळ्यांना कामं वाटून देणारा. ड्रायव्हर म्हणजे त्या कारभाऱ्यानं ठेवलेले दुभाषे. एक थर्मामीटरशी बोलणार, एक कॉम्प्रेसरशी, एक मोबाइलच्या सिमशी. संघपाल हे दुभाषे सांभाळतो. कर्नेल दर दोन-अडीच महिन्यांनी नवं येतं, कारभारी आपल्या रीती बदलतो, आणि मग प्रत्येक दुभाष्याला पुन्हा शिकवावं लागतं. त्यात आमचे बोर्ड तीन पिढ्यांचे. जुना, मधला आणि नवा. तिन्हींच्या चिपा वेगळ्या, तिन्हींची खोड वेगळी.

जुने बोर्ड आता एकेचाळीसच उरलेत. सगळे आडगावांत. गंगापूरच्या पलीकडं काही, अजिंठ्याच्या डोंगराकडं काही. कंपनीत त्यांचं नाव काढलं की लोक जांभया देतात. त्यांना एकच वाली, संघपाल. रोज सकाळी सातला येऊन तो आधी त्या एकेचाळीस फ्रिजांचे रेकॉर्ड बघतो, मग चहा घेतो.

त्याचे वडील सांडू हिवराळे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दहा बनावटीच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि सगळ्या सारख्याच चालल्या पाहिजेत हा त्यांचा हट्ट. तो हट्ट पोरात उतरला. संघपाल इथल्याच कॉलेजात शिकला, दोन वर्षं पुण्यात काढली, तिथल्या मॅनेजरशी भांडून परत आला. त्याची आई भामाबाई एकदा मला म्हणाली, "माहं पोरगं मशिनीशी भांडतं, मानसाशी नाय, हे बरं हाय बाई." माउलीला अर्धंच माहीत होतं.

माणसांशी तो कसा भांडतो हे मला ठाऊक आहे. चिपांचा तुटवडा पडला होता त्या वर्षीची गोष्ट. पुरवठादारानं थर्मामीटरची चिप बदलली आणि कुणाला सांगितलं नाही. वरचा नंबर तोच, आतला माल दुसराच. फ्रिज दोन डिग्री चुकीचं दाखवायला लागले. संघपालनं फोन लावला आणि अख्खा हॉल ऐकत राहिला. "मियाँ, ऊपर नंबर वहीच छापे, अंदर का माल बदल दिये, और मेरेकू बोलते कुछ नहीं हुआ?" समोरचा म्हणाला असणार की भाई, तुम बहुत गरम होते. संघपाल ओरडला, "गरम मैं नहीं, फ्रिज हो रा!" आम्ही खो खो हसलो. तो मात्र तीन दिवस जेवला नाही धड.

एवढा काळजीवाला माणूस. आणि त्याच्याच हातून चूक झाली, ती अशी.

ऑक्टोबरच्या शेवटी नव्या कर्नेलचं काम निघालं. तीन बोर्डांसाठी कॉम्प्रेसरच्या ड्रायव्हरच्या तीन वेगळ्या फायली होत्या. वर्षानुवर्षं तो कुरकुरत होता की तीन ठिकाणी तेच ते बदलायचं, एक दिवस कुठंतरी राहून जाईल. त्यानं तिन्ही मिळून एक फाइल करायला घेतली. काम शंभर टक्के योग्य होतं. जुन्या बोर्डाच्या फायलीत एका ओळीला त्याला 'उलटं कर' अशी खूण दिसली. शेजारी कारणाचा एक शब्द नाही.

"हे कोण्या गाढवानं लिहिलंय गं?" तो माझ्याकडं वळून म्हणाला. "कशाला उलटं करायचं? चालू म्हंजे चालू, बंद म्हंजे बंद. नुसता जुगाड करून ठेवतात साले, सांगत काही नाहीत."

आणि रागाच्या भरात त्यानं ती खूण पुसून टाकली.

ती खूण जुगाड नव्हती. जुन्या बोर्डावर कॉम्प्रेसरची तारच उलटी जोडली गेली होती. चिपनं 'चालू' म्हटलं की तो थांबायचा, 'बंद' म्हटलं की सुरू व्हायचा. पुढच्या दोन बोर्डांत ते सुधारलं. जुना बोर्ड त्या एका खुणेवर इतकी वर्षं सरळ चालत होता.

आता माझी पाळी. ड्रायव्हर बदलला की तो तिन्ही बोर्डांवर चालवून बघायचा आणि फॉर्मवर तीन ओळींत 'पास' किंवा 'नापास' लिहायचं, हे माझं काम. जुन्या बोर्डाचं कनेक्टर माझ्या टेबलावर दोन महिने तुटून पडलं होतं. नवं मागायला मी तीनदा मेल केली. आमचा प्रॉडक्ट हेड शिवम म्हणाला, "फक्त एकेचाळीस आहेत. वर्षभरात काढूनच टाकायचेत. मधल्या बोर्डावर चाललं ना? मग लिही पास."

मी लिहिलं पास. माझा हात कुणी पिरगाळला नव्हता. कंपनीची बस सुटायची वेळ झाली होती, एवढंच. संघपालनं फॉर्म पाहिला, माझी सही पाहिली आणि काही न विचारता पुढं पाठवला. माझ्या सहीवर तो कधीच संशय घेत नव्हता. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जुन्या बोर्डांपैकी पहिल्यांदा एकाच ठिकाणी हे सॉफ्टवेअर गेलं, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या एका गावात. गावाचं नाव मी लिहीत नाही. मंगळवारी संध्याकाळी ते तिथल्या फ्रिजमध्ये बसलं. नंतर पाच दिवस गावात मोबाइलची रेंज नव्हती, तिथं हे नेहमीचंच, आणि साठलेला रेकॉर्ड एकदम रविवारी रात्री आला. सोमवारी सकाळी सातला संघपालनं तो उघडला. मी आठला पोचले तेव्हा तो उभा होता, आणि चहा तसाच टेबलावर गार झालेला.

मंगळवारी रात्रभर फ्रिजमध्ये उणे पाच. बुधवारी रात्री उणे सहा. पुढच्या रात्री तेच. गावात सकाळी सहाला लाइट जाते, बोर्ड बॅटरीवर चालू राहतो पण कॉम्प्रेसर थांबतो, म्हणून नऊला केंद्र उघडेपर्यंत आतलं बर्फ वितळून आकडा तीनवर यायचा. तिथली सिस्टर रोज सकाळी कागदावर तीन लिहीत होती, आणि तीन हा आकडा अगदी बरोबर होता. दुपारी लाइट आली की पारा उतरायला लागायचा, तरी संध्याकाळी केंद्राला कुलूप लावताना दोनच्या खाली गेलेला नसायचा. धोक्याची घंटा रात्रभर वाजली असेल, बंद केंद्रात, उंदरांसाठी. रेंज नसल्यानं मेसेज गेलाच नाही, आणि गेला असता तरी ज्या नंबरवर जायचा तो बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांचा होता.

"बुधवारी लसीकरण असतं," संघपाल म्हणाला. आवाज अगदी खाली. "मागच्या बुधवारी अकरा डोस काढलेत. रेकॉर्डमध्ये झाकण कधी उघडलं ते आहे, आणि किती डोस काढले ते सिस्टर फ्रिजवरच भरते, तेही आहे."

मग त्यानं ती पुसलेली ओळ मुळात कुणी लिहिली होती हे बघितलं. आमच्या कामात प्रत्येक ओळीमागं लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख राहते. अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती, पहिल्या बोर्डाची घाई चालली होती तेव्हाची. नाव होतं संघपाल हिवराळे. गाढव शोधायला गेला आणि आरशापुढं येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता कीबोर्ड फोडेल. तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी म्हणाले, "दादा, मी तो बोर्ड चालवलाच नव्हता."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वाट पाहत होते. तो एवढंच म्हणाला, "आधी दुरुस्त करू."

तासाभरात त्यानं खूण परत लावली, शेजारी चार ओळी कारण लिहिलं, बाकी चाळीस ठिकाणी जाणारं सॉफ्टवेअर थांबवलं. माझं तुटलेलं कनेक्टर त्यानं स्वतः तारा डागून जोडलं आणि मी पहिल्यांदा जुना बोर्ड खरोखर चालवून बघितला. नशिबानं गावात रेंज होती, दहा वाजता तिथला फ्रिजही सुधारला. अकराला शिवमनं आम्हाला काचेच्या खोलीत बोलावलं.

"छान," तो म्हणाला. "डॅशबोर्ड हिरवा आहे. नोंदीत 'किरकोळ सुधारणा' लिहून टाक."

"आणि ती अकरा लेकरं?" संघपालनं विचारलं.

"लस खराबच झाली असेल असं कुठंय? आपण डॉक्टर आहोत का? केंद्राला लेखी कळवलं की चौकशी लागेल. पुढचं काम जाईल. तुझ्यासकट साठ माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठ पोटं! पोटाच्या आडून बोलायची ही रीतच झालीय. स्वतःची कातडी वाचवायची असली की माणसाला अचानक दुसऱ्याची पोटं दिसायला लागतात.

संघपाल टेबलावर हात आपटून उभा राहिला. "अकरा पोरांच्या मांडीत पाणी टोचलंय आपण! त्यांच्या आया समजतायत की लेकरू आता सुरक्षित आहे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. यातलं एखादं घरात शिरलं तर ती बाई देवाला दोष देईल, नशिबाला देईल. आपल्याला नाही देणार, शिवम. कारण आपण किरकोळ सुधारणा केली!"

"लेखी परवानगीशिवाय ग्राहकाकडं जायचं नाही, हे सांगून ठेवतो."

"ठेव सांगून," म्हणत संघपालनं रेकॉर्डचा प्रिंट काढला आणि बाहेर पडला. मी हेल्मेट घेऊन मागं निघाले. तो म्हणाला, तू थांब, तुझी नोकरी जाईल. मी म्हणाले, गाडी काढा.

हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड. वाटेतल्या खड्ड्यांवरही तो चिडला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

सरिता सिस्टर केंद्राच्या ओट्यावर रजिस्टर भरत होती. पन्नाशीची, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. संघपालनं उभ्यानंच सगळं सांगितलं. कुठलाही आडपडदा नाही. तिनं प्रिंट घेतला, बोटानं एकेक रात्र वाचली. मग आत जाऊन बुधवारी वापरलेल्या खोक्यातली एक कुपी आणली, जोरात हलवली आणि उन्हात धरली. चांगली लस हलवली की दुधासारखी एकसारखी राहते. हिच्यात कण तरंगायला लागले आणि बघता बघता तळाशी बसले.

"ही म्या माह्या हातानं दिली," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "दोन टायमाला टेंपरेचर लिवते म्या. सात वर्सं झाली, एक दिस चुकले नाय. पाव्हणे आले, नवरा दवाखान्यात व्हता, तरी लिवलं. आन् तुमी तिथं बसून काय करता? कोन तपासतं तुमचं?"

"चूक माझी आहे," संघपाल म्हणाला.

"तपासते मी," मी म्हणाले. "न तपासताच पास लिहिलं मी."

सिस्टरनं चष्म्यातून मला नीट पाहिलं. "लेकरू हाय का तुला?"

"आहे. चार वर्षांची मुलगी."

"तिला लस दिली तव्हा फ्रिजात कोन्ता बोर्ड व्हता, इचारलं व्हतं का?"

मी मान हलवली, नाही.

तिनं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, अकराही मुलांच्या कार्डावर तो डोस बाद लिहा, पुन्हा द्यावा लागेल, तारीख कळवतो. फोन ठेवून सिस्टर उठली. "चला. मी एकटी शिव्या खानार नाय. तुमी बी दारात उभं राहायचं."

मग आम्ही दारोदार गेलो. सिस्टर नाव वाचायची, संघपाल सांगायचा, मी कार्डावर 'बाद' लिहून घ्यायचे. पहिल्याच घरातली पोरगी विशीतली. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग दोन रात्री तापानं फनफनलं माहं लेकरू, ते फुकटच का?" संघपाल म्हणाला, "व्हय ताई. फुकटच." दुसऱ्या घरी आजीनं नातवाला पदराखाली ओढलं. "पुन्ना सुई नाय लावू देनार, सांगून ठिवते." तिला समजवायला सिस्टरला अर्धा तास लागला. एका घरी बाप्या माणूस अंगावर धावून आला. संघपाल मागं सरकला नाही. मार खायलाच आल्यासारखा उभा राहिला, तेव्हा त्या माणसाचाच हात खाली आला. असं करत ऊन कलेपर्यंत दहा घरं झाली.

अकरावं घर गावाच्या टोकाला होतं. रजिस्टरमध्ये नाव अमृता, वय दीड महिना, वडील सखाराम. दाराला कुलूप. शेजारची कडूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "गेले की ते. सुक्करवारीच गेले टोळीसंगं, उसाला."

"कुठं?"

"मुकादमाला ठावं. कुनी म्हनतं कराडाकडं, कुनी म्हनतं कर्नाटकात. आता येतेत पाडव्याला."

म्हणजे पाच महिने. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, दीड महिन्याची पोर. आईच्या पिशवीत कार्ड असेल, त्यावर सिस्टरची सही आणि डोस दिल्याची खूण. तिथली कुठली सिस्टर आलीच तर कार्ड बघून म्हणेल, हिचा झालाय, आणि पुढं जाईल. सखारामचा फोन बंद होता. मुकादमाचा नंबर कडूबाईनं शोधून दिला, तोही लागेना. सिस्टरनं रजिस्टरमध्ये अमृताच्या नावाभोवती पेनानं गोल केला.

तेवढ्यात संघपालचा फोन वाजला. शिवम. कडूबाईसुद्धा ऐकू शकेल एवढ्या मोठ्यानं बोलत होता. "कुठं आहेस तू? वरून विचारतायत. सगळे एकेचाळीस हिरवे आहेत. ते तिकीट आधी बंद कर." आमच्याकडं प्रत्येक बिघाडाचं कॉम्प्युटरवर एक तिकीट निघतं. काम संपलं की ते बंद करायचं.

संघपाल कुलपाकडं बघत होता. "दहा झाले," तो म्हणाला. "एक बाकी आहे."

"कसलं एक? सगळी मशिनं चालू आहेत."

"मशीन नाही. लेकरू बाकी आहे. ते सापडलं की बंद करतो."

तो ओरडला नाही. एवढ्या वर्षांत त्याचा खरा राग मी त्या दिवशी ऐकला, आणि तो असा खालच्या पट्टीत होता.

याला आता सात आठवडे झाले. संघपालला नोटीस मिळाली, मलाही मिळाली. काढून टाकायची हिंमत कंपनीला झाली नाही, कारण जुना बोर्ड दुसऱ्या कुणाला कळत नाही. मुकादमाचा फोन एकदाच लागला. "तसली लई लेकरं हायेत इथं, कोन्ती म्हनता?" म्हणाला आणि कट केला. सिस्टरनं सहा कारखान्यांना चिठ्ठ्या पाठवल्यात. गेल्या दोन रविवारी संघपाल मोटरसायकलवर फडांतून फिरून आला. अमृता सापडलेली नाही.

ते तिकीट शिवमनं दोनदा बंद केलं. दोन्ही वेळा संघपालनं ते पुन्हा उघडलं. परवा तो फडावर गेलेला असताना शिवमनं तिसऱ्यांदा बंद केलं, तेव्हा ते मी उघडलं, आणि खाली लिहिलं, 'नापास'. खाली सही माझी.